फुकटची लाल ढाल

मागे फैजपूरला एका लग्नात माझ्या चुलतभावाने, किशोरभाऊने, ती गोष्ट पुन्हा सांगितली. जेवणं उरकली होती, मांडवात खुर्च्या गोल करून माणसं सुपारी कातरत बसली होती, आणि तो घरात नव्या आलेल्या सुनांना रंगवून सांगत होता की आमच्या पिंप्राळ्याच्या नानांकडे कॉम्प्युटरमध्ये कसा व्हायरस शिरला, सगळं घर कसं घाबरलं आणि या ज्योतीने, म्हणजे मी, भूत उतरवावं तसा तो कसा उतरवला. माणसं हसली. मी हसले नाही, तर म्हणाला, "अजून तशीच तिखट आहे ही." मग माणसं आणखी हसली. त्याच्या त्या गोष्टीत माझी बहीण अक्का कुठेच नव्हती. आधी असायची, दर लग्नात थोडी थोडी कमी होत गेली, आणि आता पुरती निघून गेली. घरी आल्यावर मी वही घेतली. हे हसण्यावारी जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. वाचून ज्यांना वाईट वाटेल त्यांना वाटू दे. चाळिशी उलटली, केस पिकले, पण या एका बाबतीत माझा राग कालचा आहे.

आमचं घर जळगावच्या पिंप्राळ्यात होतं, दोन खोल्या पुढे, दोन मागे, आणि अंगणात कढीपत्त्याचं झाड. नाना, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. आई धुळ्याकडच्या खेड्यातली, इतकी वर्षं जळगावात राहूनही तिची बोली सुटली नव्हती. नाना तिच्याशी शुद्ध बोलायचे आणि ती त्यांना अहिराणीत उत्तर द्यायची, आणि दोघांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. माझी थोरली बहीण रेखा, तिला आम्ही अक्का म्हणायचो. मी तिच्याहून तीन वर्गांनी मागे. उन्हाळ्यात पुढच्या खोलीत कूलर लागायचा. त्याची मोटर दळण दळल्यासारखी घरघरायची आणि वाळ्याचा ओला वास दिवसभर घरात असायचा. माच्याखाली, म्हणजे लाकडी बाजेखाली, असोद्याहून आलेला केळीचा घड गोणपाटात पिकत ठेवलेला असायचा, आणि त्याचा गोड वास वाळ्याच्या वासात मिसळायचा. अजूनही कुठे पिकत्या केळ्यांचा वास आला की मला आधी कूलर ऐकू येतो आणि मग कॉम्प्युटर आठवतो.

कॉम्प्युटर त्याच खोलीत होता, खिडकीजवळ. नानांनी तो मुद्दाम पुढच्या खोलीत ठेवला होता, कोण काय करतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून. आईने त्याला मोर भरलेला पडदा शिवला होता. आमच्याकडे भारनियमन रोजचं. लाइट गेली की टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करून ओरडायला लागायचा, आणि अक्का हातातलं टाकून धावत जाऊन आधी काम साठवायची, मग मशीन बंद करायची. तो कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने तिचाच होता. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष करता करता ती कॉलेजातल्या मुलांचे प्रकल्प टाइप करून द्यायची, पुण्याच्या विद्यापीठांची माहिती काढायची, आपल्या अर्जांची उत्तरं बघायची. तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं आणि पुण्यालाच करायचं होतं. टेलिफोनच्या वायरीतूनच नेट यायचं आणि चोवीस तास चालू असायचं. मोडेमवरचे हिरवे दिवे लुकलुकत असले की आई म्हणायची, "बाई, तो डब्बा कधी झोपतच नही का?"

नानांचे थोरले भाऊ धुळ्याला देवपुरात राहायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. किशोरभाऊ हा त्यांचा मुलगा. त्याने घराच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, आणि त्यामुळे सगळ्या भाऊबंदांत कॉम्प्युटर म्हणजे किशोर, असं झालं होतं. कोणी मशीन घेतलं की त्याला बोलावायचे. तो यायचा, खुर्चीत मागे रेलून बसायचा, चहा मागायचा आणि कोणाला काही न विचारता भराभर बटणं दाबायचा. त्याला किती येत होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. येत नाही असं कधी म्हणायचं नाही, एवढं मात्र त्याला चांगलं येत होतं.

अखाजीला तो आमच्याकडे आला. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. आईने अंगणात चूल मांडून त्यावर खापर पालथं घातलं होतं आणि कोपरापर्यंत हात पिठात माखून ती मांडे करत होती. हातावर झुलवत झुलवत मांडा मोठा करायचा आणि खापरावर अलगद टाकायचा, हे बघायला शेजारच्या बायका आल्या होत्या. आमरसाचं पातेलं ओल्या फडक्याने झाकून ठेवलं होतं. आत किशोरभाऊ कॉम्प्युटरशी बसला होता. मशीनबरोबर वर्षभरासाठी आलेलं व्हायरसपासून वाचवणारं सॉफ्टवेअर संपत आलं होतं आणि त्याची सूचना रोज यायची. तेवढ्यात पडद्यावर आपोआप एक खिडकी उघडली. लाल रंगाची ढाल, आणि ती एकसारखी लुकलुकत होती. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब फुकट तपासणी करा, असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"घ्या, फुकटात मिळतंय," किशोरभाऊ म्हणाला आणि त्याने त्यावर टिचकी मारली.

अक्का मागे उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, हे कोणाचं आहे ते आधी बघू ना. आपण काही विचारलं नाही आणि हे स्वतःहून आलं कसं?"

"तू केमिस्ट्री शिक," तो म्हणाला. "हे माझं काम आहे. मी क्लासमध्येही आता हेच टाकणार आहे."

त्याने जुनं काढून टाकलं आणि लाल ढाल बसवली. मग आम्ही मांडे आणि आमरस जेवलो. हे दोघांचं बोलणं मी स्वतः ऐकलंय, दारात उभं राहून, हातात आमरसाची वाटी घेऊन. पुढे ते कोणालाच आठवत नव्हतं.

त्यानंतर मशीन मंद झालं. अक्का कुरकुरायची, पण तिची परीक्षा चालू होती. मेमध्ये किशोरभाऊचं लग्न झालं, आम्ही सगळे धुळ्याला जाऊन आलो. आणि जूनमध्ये, अक्काचा निकाल चांगला लागल्यावर, तिचं अभिनंदन करायला म्हणून आबा, काकू, किशोरभाऊ आणि त्याची नवी बायको आमच्याकडे आले. येताना लग्नाच्या फोटोंची सीडी आणली होती. आईने शेवभाजी केली होती आणि कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी. जेवून सगळे पुढच्या खोलीत जमले. आबांसाठी खुर्ची अगदी पडद्यासमोर ठेवली. शेजारचे पाटीलकाका आणि काकूही फोटो बघायला आले. अक्काने कॉम्प्युटर लावला, सीडी घातली, आणि बाजूला होऊन किशोरभाऊला जागा दिली.

हळदीचे फोटो चालू होते. नवरीच्या चेहऱ्यावर अचानक एक खिडकी उघडली. त्यात एक नागडी बाई होती. किशोरभाऊने ती बंद केली, तर दोन उघडल्या. त्या बंद केल्या, तर चार. जे दिसत होतं ते मी इथे लिहीत नाही. धुळ्याच्या काकूंनी पदर डोळ्यांवर घेतला. नवी बायको उठून आत गेली. आबा तसेच बसून राहिले, त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले होते. शेवटी नानांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, यूपीएसवर पडदा तरीही चालू राहिला तेव्हा त्याची वायरच ओढून काढली, आणि मग खोलीत फक्त यूपीएसची टीं टीं राहिली.

"हे काय आहे?" आबांनी विचारलं. त्यांनी किशोरभाऊला विचारलं, कारण कॉम्प्युटरचं त्यालाच कळायचं.

किशोरभाऊने क्षणभर खाली पाहिलं. मग म्हणाला, "आबा, असलं काही आपोआप येत नाही. जो जे बघतो, तेच त्याच्याकडे येतं."

मग सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. कोणी तिचं नाव घेतलं नाही, त्याची गरजच नव्हती. त्या मशीनवर दिवसाचे चार चार तास कोण बसतं हे सगळ्यांना माहीत होतं. अक्काचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी पांढरा. ती म्हणाली, "मी असलं काही बघत नाही." एवढंच. पाटीलकाका चप्पल शोधत उठले. आबा नानांना म्हणाले, "मुलगी शिकली, पुरे झालं. आता बघा तिचं." आणि पाहुणे उठले.

त्या रात्री आमच्याकडे कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मोडेमची वायर काढून गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. कॉम्प्युटरवर मोराचा पडदा टाकला. अक्काला म्हणाले, "सायबर कॅफेत गेलेलंही मला चालणार नाही." पुण्याच्या प्रवेशाची यादी नेटवर लागणार होती. अक्काने त्यांना विचारलं, "नाना, तुम्ही समोर बसा, मी फक्त यादी बघते." नाना पेपर वाचत होते, वाचतच राहिले. शेजारच्या गल्लीत गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. पाटीलकाकू आईशी बोलताना आवाज खाली आणायच्या. एका घरातून अक्कासाठी लग्नाची विचारणा आली होती, ती थांबली. आणि मग एके दिवशी पुण्याहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला, तू आली नाहीस का गं, तुझं नाव होतं, मुदत काल संपली. अक्काने फोन ठेवला आणि परसात जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली. मी तिच्याजवळ गेले, तर म्हणाली, "ज्योती, तू जा. मला आत्ता कोणाचं चांगलं वागणं नकोय."

मला त्या वेळी जो राग आला तो आधी कोणावर काढावा हेही समजत नव्हतं. मी नुकती बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेऊन दाखल झाले होते. आमच्या प्रयोगशाळेत शेख मॅडम होत्या, जळगावच्याच, बोलायला कडक. घरातली बाब बाहेर न्यायची नाही असं आमच्याकडे शिकवलेलं, तरी मी एका दुपारी त्यांना सगळं सांगितलं, नावं न घेता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढाल लाल होती? स्वतःहून उघडली?"

"हो."

"मग ढाल म्हणजेच रोग आहे. जे सॉफ्टवेअर तपासण्याआधीच तुला सांगतं की तू आजारी आहेस, ते डॉक्टर नसतं. तेच घरात घाण आणतं आणि मग घाण काढायचे पैसे मागतं. तुझ्या बहिणीने काही बघायची गरज नाही. मशीन नुसतं चालू राहिलं, नेट लागलेलं असलं, की पुरे."

मी विचारलं, मग फुकटचं काहीच घ्यायचं नाही का? आमच्याकडे विकत घ्यायला कोणी परवानगी देणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या की फुकट असणं हा गुन्हा नाही, काही चांगल्या कंपन्या घरगुती वापरासाठी खरोखर फुकट देतात, पण निवडायचं आपण असतं, त्याने आपल्याला निवडायचं नसतं. त्यांनी मला वाचनालयात बसवलं. तिथे कॉम्प्युटरची मासिकं यायची, त्यांच्याबरोबर सीडी असायची. पुढचे कितीतरी दिवस मी तास संपला की तिथे जाऊन बसायचे. कोणतं सॉफ्टवेअर कोणी बनवलं, त्या कंपनीचा पत्ता आहे का, तिच्याबद्दल दुसऱ्यांनी तपासून काय लिहिलंय, नव्या व्हायरसची ओळख ते रोज करून घेतं की नाही, आमच्या जुन्या मशीनला ते पेलेल का, फुकट म्हणजे कायमचं फुकट की महिनाभराचं, हे सगळं मी वाचलं. काही नावांची मासिकात एका पानावर स्तुती असायची आणि त्याच अंकात मागे त्यांची पानभर जाहिरात असायची, तीही मी गाळली. शेवटी दोन उरली. मॅडमनी दोन्ही सीडीवर उतरवून दिली. आज मी शाळेत हाच विषय शिकवते, आणि मुलांचे आईबाप मला रस्त्यात थांबवून विचारतात, बाई, मोबाइलवर कोणतं फुकटचं टाकू. मी त्यांना नाव सांगत नाही. आधी विचारते, ते तुम्ही शोधलंत की त्याने तुम्हाला शोधलं?

पण सीडी मिळून उपयोग नव्हता, वायर कपाटात होती. किल्ली आईच्या कमरेला असायची. मी तिला काही मागितलं नव्हतं. एका दुपारी नाना ऑफिसात असताना ती कणीक तिंबता तिंबता थांबली आणि म्हणाली, "ज्योते, त्या डब्बाले काय व्हयनं, ते तुले समजी का?"

मी म्हटलं, "समजेल. पण तू समोर बसायला हवीस."

तिने हात धुतले, कपाट उघडलं आणि वायर माझ्या हातात दिली. मी मशीन लावलं, मोडेमचे दिवे लागले. आईला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, हात मांडीवर ठेव, काहीही झालं तरी कशाला हात लावू नकोस. मीही तिच्या बाजूला स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले. पावसाने ओढ दिली होती, कूलर अजून घरघरत होता. पडद्यावर फक्त निळं आभाळ आणि खाली ती लाल ढाल लुकलुकत होती. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मला भीती वाटली की आता काहीच होणार नाही. मग एक खिडकी उघडली. मग दुसरी. आईने मान फिरवली नाही. असलं काही तिने जन्मात पाहिलं नसेल, पण ती नीट डोळे उघडे ठेवून बघत राहिली, आणि तिच्या मांडीवरचे हात हलले नाहीत.

"आपून कोनी हात लावा नही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"रेखा तर आठे नहीच शे."

"नाही."

आईने पदर खोचला. मग म्हणाली, "काढ ते."

मी घाईत दोन्ही सॉफ्टवेअर एकावर एक चढवली, दुप्पट बळ मिळेल असं वाटून, आणि मशीन जागच्या जागी गोठलं. ती दोघं एकमेकांनाच चोर समजून भांडायला लागली होती. ते बंद करून, एक काढून, दुसरं ठेवून पुन्हा सुरुवात करायला संध्याकाळ झाली. जे ठेवलं ते दिसायला अगदी साधं होतं, ना लाल ना लुकलुकणारं. त्याने मुकाट्याने एकेक फाइल तपासली, आणि जी घाण सापडली तिच्या यादीत सगळ्यांत वर त्या लाल ढालीचं नाव होतं. ती काढली, मशीन पुन्हा लावलं आणि आम्ही दोघी परत हात मांडीवर ठेवून बसलो. नाना घरी आले तरी एकही खिडकी उघडली नव्हती.

मी नानांना सगळं दाखवलं. ते उभ्याउभ्याच ऐकत होते, हातात डब्याची पिशवी होती. मी म्हटलं, "नाना, अक्काने काही केलं नव्हतं. हे किशोरभाऊने टाकलं होतं, अखाजीला." नानांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं आता ते मागच्या खोलीत अक्काकडे जातील. ते म्हणाले, "बरं झालं, निघालं ना. आता हे थोरल्यांकडे बोलायचं नाही. किशोरचा क्लास आहे, त्याचं नाव खराब होईल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. किशोरभाऊचं नाव. आमच्या घरात एक नाव आधीच खराब झालं होतं आणि ते मागच्या खोलीत गव्हातले खडे निवडत बसलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात आई माझ्याकडे बघून नुसती मान हलवून नाही म्हणाली, आणि मी गप्प बसले. मला वाटलं, हीही त्यांचीच.

रविवारी सकाळी आईने नानांचा स्वयंपाक झाकून ठेवला, नवी साडी नेसली आणि मला म्हणाली, "चाल, धुळं जावानं शे." नाना बाजारात गेले होते. एरंडोल, पारोळा करत एस.टी. चालली होती, खिडकीतून गरम वारा येत होता. देवपुरात आल्यावर आई मला म्हणाली, तू आधी वर जाऊन क्लासमधली मशीनं बघून ये.

वर क्लास चालू होता. किशोरभाऊ अजून आला नव्हता. मुलंमुली ओळीने मशीनवर बसली होती. मी प्रत्येक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहत गेले. लाल ढाल एकाही मशीनवर नव्हती. माझ्याच वयाची एक मुलगी टोकाला बसली होती, तिला विचारलं, "इथे ते लाल ढालीचं होतं ना?"

"होतं," ती म्हणाली. "सरांनी काढलं, त्यांच्या लग्नाआधीच. घाणेरडी चित्रं उघडायची. एक मुलगी रडत घरी गेली होती, तिचे वडील भांडायला आले होते."

लग्नाआधीच. म्हणजे तो आमच्याकडे फोटो घेऊन आला त्याच्या आधी. म्हणजे त्या खिडक्या उघडल्या तेव्हा त्या खोलीत त्या का उघडल्या हे जाणणारा एक माणूस होता, आणि त्यानेच ते वाक्य म्हटलं होतं. तोवर मी त्याला मूर्ख समजत होते. मी तशीच जिना उतरले.

खाली आबा बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते. आई दाराशी उभी होती, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून आईने आबांशी एक शब्द थेट बोललेला नव्हता. काही सांगायचं असलं तर ती काकूंना सांगायची, किंवा आम्हा मुलींच्या नावाने मोठ्याने बोलायची. मी तिच्या कानात वरचं सगळं सांगितलं. तेवढ्यात किशोरभाऊ बाहेरून आला, आम्हाला बघून म्हणाला, "अरे वा, काकू, कशा काय?"

आईने समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. आबांसमोर, खुर्चीवर. काकू आतून बघत जागीच थांबल्या.

"आबा," आई म्हणाली, "मी तुमनासंगे कधी बोलनू नही. आज बोलस. तुमना पोऱ्यानी मनी पोरनं नाव खराब करं. ते घान त्यानीच टाकं व्हतं, आनि त्याले ठाऊक व्हतं. तुमी त्याले इचारा. मी आठे बठीसन आयकस."

आबा तिच्याकडे पाहतच राहिले. मग किशोरभाऊकडे वळले. "खरं शे का?"

"आबा, ते काय आहे, त्यात तांत्रिक भाग..."

"तुला माहीत होतं का, एवढंच सांग," मी म्हटलं. "वर तुझ्या क्लासमधून तू ते लग्नाआधीच काढलंस. मला सगळं कळलंय."

किशोरभाऊने जिन्याकडे पाहिलं. मग आवाज चढवून म्हणाला, "तिथे सगळे बसलेले होते. नवी बायको होती. पाटीलकाका होते. मी काय म्हणणार होतो?"

आबांनी बंगई पायाने थांबवली. त्यांना वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ते जे बोलले ते असं, "रेखाच्या आई, झालं ते झालं. घरातलं घरात राहू द्या." आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.

"चहा नको," आई म्हणाली. "घरातलं घरात राह्यनं नही. पाटीलना घर गयं, गल्लीमा गयं. त्यानी पिंप्राळाले येवाले पाहिजे. जठे बोलना, तठेच बोलाले पाहिजे, त्याच मानसेस्ना समोर. नहीतर मी आठेतून उठाव नही." आणि ती खरोखर उठली नाही. चहा आला, कपात तसाच राहिला, त्यावर साय धरली. जेवणाची वेळ झाली, काकूंनी दोनदा बोलावलं, आई बसून राहिली. उन्हं कलायला लागली तेव्हा आबा म्हणाले, "जाईल तो."

तो आला. बरोबर आबा आणि काकू होत्या. आईने पाटीलकाका आणि काकूंना बोलावून आणलं आणि खुर्च्या त्या दिवशी होत्या तशाच मांडल्या. नाना भिंतीशी उभे होते, ते धुळ्याच्या प्रकारानंतर आईशी बोलत नव्हते. किशोरभाऊ म्हणाला, "त्या दिवशी जरा गैरसमज झाला होता. ते सॉफ्टवेअरमुळे येत होतं. रेखाचा काही संबंध नव्हता."

अक्का मागच्या खोलीतून आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "गैरसमज दुसऱ्यांचा झाला. तू खोटं बोललास. तसं म्हण."

किशोरभाऊने आबांकडे पाहिलं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मी खोटं बोललो." अक्काने ऐकलं आणि परत आत गेली. पाटीलकाकू रडायला लागल्या. मला त्या रडण्याचाही राग आला, आणि अजून येतो.

जगाला वाटतं तिथे गोष्ट संपली. अक्काचं ते वर्ष गेलं. वर्षभर तिने त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. नानांनी वायर स्वतः जोडून दिली, पडदा काढला, तिच्यासाठी नवी खुर्ची आणली. ती मला सांगायची, ज्योती, एवढं टाइप करून दे, आणि मी करून द्यायचे. पुढच्या जूनमध्ये तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा तिचं नाव लागलं आणि नाना तिला सोडायला जळगाव स्टेशनवर आले, आईही आणि मीही. तिची ट्रंक नानांनी हमालाला दिली नाही, स्वतः उचलली. गाडी यायला वेळ होता. नाना दोनदा काही बोलायला गेले आणि दोनदा पाण्याची बाटली भरून घेऊन आले. गाडी लागल्यावर, अक्का आत बसल्यावर, खिडकीशी उभे राहून ते म्हणाले, "रेखा, मागचं मनात ठेवू नकोस. सगळं खरं बाहेर आलं ना शेवटी."

अक्का म्हणाली, "नाना, ज्योतीने शोधलं म्हणून आलं. नसतं सापडलं तर? त्या दिवशी तुम्ही मला एकदा विचारलंसुद्धा नाही."

नानांनी खिडकीच्या गजाला हात लावला होता, तो तसाच राहिला. गाडी हलली, तसा सुटला. डबे एकामागून एक गेले, फलाट मोकळा झाला, आणि नाना रुळांकडे बघत उभे राहिले. एरवी मी त्यांचा हात धरून "चला" म्हटलं असतं. आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी जिना चढून बाहेर आलो आणि पिंप्राळ्याच्या रिक्षात बसलो.